हळदवाड्याचा बंब आणि एकेचाळीस नवरदेव

आनंदराज सोनकांबळे हळदवाडा नगरपालिकेच्या बंबावर चालक आहेत. एकोणतीस वर्षं झाली. वय सत्तावन्न, केस पांढरे, मिशा काळ्या. फक्त मिशांनाच रंग का, असं विचारलं तर मिशा धुरात राहतात, एवढंच ते सांगतात. त्यांच्या जोडीला व्यंकटी नावाचे फायरमन आहेत. ते वयानं दोन वर्षांनी लहान आहेत आणि कशालाही टेकून झोपू शकतात, पण टेलिफोनची पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत जागे होतात. गावात एवढंच अग्निशमन दल आहे.

बंब १९९६ सालचा. टाकी साडेचार हजार लिटरची. तांबडा रंग उन्हानं विटेसारखा झालेला. आनंदराज रोज सकाळी साडेसातला इंजिन सुरू करतात, दहा मिनिटं ऐकतात आणि बंद करतात. आजारी माणसाची नाडी बघावी तसं हे चालतं, फरक इतकाच की आनंदराजांना आजार आधीच माहीत असतो.

नांदेड जिल्ह्यातलं हे गाव मुदखेडहून तासाभराच्या अंतरावर आहे. हळदीचा बाजार मोठा, पालिका लहान. चार वर्षं तिथं प्रशासक होता. यंदा निवडणूक झाली, जानेवारीत नगरसेवक आले आणि नगराध्यक्ष म्हणून खताचे दुकानदार हणमंतराव निवडून आले. त्यांनी प्रचारात काय काय कबूल केलं होतं ते सगळं कागदावर आल्यावर लेखापाल शिवशंकर यांना ताप भरला. नगरपालिकेला तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही. शेवटी शिल्लकच दिसावी लागते, मग ती एक रुपयाची का असेना. हळदवाड्याला चार लाख कमी पडत होते.

शिवशंकर हे गावातले सर्वांत गंभीर गृहस्थ. त्यांनी आधी वीजबिल कमी धरून पाहिलं, मग पाऊस जास्त धरून पाहिला. कोंडवाड्यात गेल्या वर्षी अकरा शेळ्या आल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी त्यांनी नऊशे धरल्या. गावात नऊशे शेळ्या आहेत का, असं हणमंतरावांनी विचारलं. शिवशंकर म्हणाले, एकच शेळी पुन्हा पुन्हा येऊ शकते. तरीही चार लाख जुळेनात. शेवटी त्यांनी बंब भंगारात काढला. पितळी तोट्या, तांब्याच्या नळ्या, लोखंड मिळून चार लाख. कागद एका झटक्यात जुळला आणि खाली एकशे अकरा रुपये शिल्लक राहिले. शुभ आकडा आहे, असं हणमंतराव म्हणाले. लिलावाची नोटीस फळ्यावर लागली.

आनंदराजांना हे चहाच्या टपरीवर कळलं. ते तसेच लेखा शाखेत गेले आणि उभ्यानंच विचारलं, आग लागली तर काय करायचं. मुदखेडचा बंब बोलवू, असं शिवशंकर म्हणाले. त्याला यायला तास लागतो, हे आनंदराजांनी सांगितलं.

"आगीची तरतूदच न्हाई ओ मामा अंदाजपत्रकात," शिवशंकर म्हणाले. ते गंमत करत नव्हते. त्यांना ती करता येत नाही.

बंब गेला तर आनंदराजांचं काय, याचंही उत्तर कागदावर तयार होतं. निवृत्तीला राहिलेलं एक वर्ष त्यांनी घंटागाडी चालवायची. घंटागाडीला भोंगा आहे आणि त्यावर स्वच्छतेचं एकच गाणं सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत वाजतं. ज्या माणसानं तीस वर्षं रस्ता मोकळा करून घेतला, त्यानं आता प्रत्येक दारापुढं थांबायचं होतं. आनंदराजांनी घरी येऊन पत्नी पंचशीला यांना सांगितलं, की जेल परवडली, ते गाणं नको.

दुसऱ्या दिवशी ते हणमंतरावांकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यामुळे हणमंतराव ऐटीत होते. ते म्हणाले, एवढीच माया असेल तर बंबानं मार्चअखेर चार लाख कमवून दाखवावेत, लिलाव रद्द करतो. गिऱ्हाईक हसलं. आनंदराज हसले नाहीत. वरिष्ठांचं बोलणं ते हुकूम समजतात. त्यांनी तारीख विचारून घेतली आणि निघाले.

पालिकेच्या जुन्या कागदांच्या खोलीत त्यांना २०११ सालचा एक ठराव सापडला. "अग्निशमन वाहन समारंभ व इतर खासगी कामांकरिता द्यावयाचे झाल्यास प्रतितास रुपये अडीच हजार." समारंभ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा मांडवात पाणी पोचवणं असावं. पण ठरावात तसं काही म्हटलेलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे सरळ गेले. बंबानं हळदीचा बाजार धुतला, दोन मंगल कार्यालयांचे हौद भरले, एका शाळेच्या छतावरची चौदा वर्षांची माती खाली आणली. पैसे येत होते, पण हा वेग पाहता चार लाख व्हायला पुढची दिवाळी लागली असती.

मग शिवलिंग घोडेवाल्यानं एक चूक केली. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला इकडे परण्या म्हणतात. परण्याला घोडा लागतो. शिवलिंगाकडे घोडी एकच आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं सकाळी साडेअकराच्या तीन सुपाऱ्या घेतल्या. घोडी एकीकडे गेली, शिवलिंग दुसरीकडे लपला. तिसऱ्या नवरदेवाचे वडील घोडा शोधत बंबाच्या शेडपर्यंत आले. पंचशीला डबा घेऊन आल्या होत्या. पंचशीला अंगणवाडीत सेविका आहेत आणि रडणाऱ्या माणसाला चटकन काहीतरी हातात देण्याची त्यांना सवय आहे.

"बंब हाय की," त्या म्हणाल्या. "घोड्याहून उंच हाय आन् लाथ मारत न्हाई."

नवरदेवाचे वडील बंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी तासाचा दर विचारला. घोड्याहून कमी निघाला.

टाकीवर गादी टाकली, कठड्याला शालू गुंडाळला, मांडवातली शिडी लावून नवरदेव वर चढवला. बँडवाल्यांनी सायरनवर हरकत घेतली. पहिल्या चौकात त्यांचं वाजवणं बुडालं, दुसऱ्या चौकात मास्तरांनी सायरन चढतो कधी आणि उतरतो कधी याचा अंदाज घेतला आणि मारुतीपर्यंत दोघांचं जमलं. देवळासमोर ऊन अडतीस अंशांचं होतं. आनंदराजांनी पंप चालू केला आणि व्यंकटींनी नाचणाऱ्यांवर बारीक फवारा धरला. नंतर जे झालं त्याला नाच म्हणणं अपुरं आहे. नवरदेवाच्या आजोबांना दोघांनी धरून बाहेर काढलं, ते पुन्हा आत गेले.

त्या दिवसानंतर घोड्याला कोणी विचारेना. फवाऱ्यासाठी परण्या लांबू लागले. पूर्वी मारुतीला जाऊन यायला तास लागायचा, आता दोन लागायचे आणि दोन्ही तासांची पावती फाटायची. बौद्ध घरांतल्या लग्नांना मुहूर्ताची अडचण नसते आणि मारुतीही नसतो. त्यांनी बंब विहारापासून मांडवापर्यंत नेला. पंचशीला यांनी नातेवाइकांनाही सवलत दिली नाही.

शिवलिंगानं पालिकेला अर्ज केला. घोडा हा जिवंत असून त्यास रोज खावे लागते, बंबास तसे नाही, असं त्यात लिहिलं होतं. हणमंतरावांनी तोडगा काढला. घोडी रिकामी पुढे चालेल, नवरदेव मागे बंबावर बसेल. लोकांनी तेही घेतलं. जुन्यातलं काही राहावं, अशी त्यांची इच्छा होती.

आनंदराजांनी पावतीच्या मागे एक अट स्वतः लिहिली होती. "आगीचा कॉल आल्यास बंब जागेवरून फिरेल." सगळ्यांनी सही केली. कोणी वाचली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रुद्रेश नावाच्या नवरदेवाचा परण्या होता. रुद्रेश हळदवाड्याचाच, लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वधू साक्षी मुरुडची. मुरुडचं सगळं वऱ्हाड दोन लक्झरी गाड्या भरून आलं होतं. बारा पस्तीसचा मुहूर्त होता. साडेअकराला बंब देवळापुढं होता, फवारा चालू होता, मुरुडकरांनी असं काही पाहिलेलं नसल्यामुळे ते हटत नव्हते.

त्या वेळी व्यंकटींचा फोन वाजला. गावाबाहेर चार किलोमीटरवर केवळाबाईंच्या मळ्यात कडब्याची गंजी पेटली होती. केवळाबाई सत्तर वर्षांच्या, पंचवीस एकर बागायतीच्या मालकीण. त्यांनी फोनवर फार काही सांगितलं नाही. गंजी पेटली, दुसरी शेजारीच आहे आणि येणार असाल तर आत्ता या, नाहीतर राख बघायला या.

आनंदराजांनी पंप बंद केला. बँड दोन सुरांनंतर थांबला. मांडवाची शिडी मांडवातच राहिली होती. बंबाच्या शिडीला झेंडूच्या माळा आणि शालू असा गुंडाळला होता, की ती सोडवायला पाच मिनिटं लागली असती. नवरदेवाच्या फेट्याचा शेमला कठड्यात अडकला होता. आनंदराज खिडकीतून वर बघून म्हणाले, "नवरदेव, उडी मारता का येता?"

रुद्रेशनं खाली पाहिलं. खाली त्याचे वडील होते, मामा होते, मुरुडचे पाहुणे होते आणि दहा फुटांची उंची होती.

"चला," तो म्हणाला.

बंब निघाला. त्याच्यामागे मुलाचे वडील मोटारसायकलवर निघाले, त्यांच्यामागे मामा, मग ज्याच्याकडे गाडी होती तो प्रत्येक जण. बँडवाल्यांना मांडवापर्यंतची सुपारी होती आणि परण्या मांडवापर्यंत गेलेला नव्हता. म्हणून त्यांचा भोंग्यांचा टेम्पोही निघाला, आणि रिकामं जाणं बरं दिसेना म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मुरुडच्या दोन लक्झरी सर्वांत शेवटी होत्या. धर्माबादकडून येणारा एक ट्रक बाजूला थांबला. चालकानं उतरून नवरदेवाला नमस्कार केला.

केवळाबाई बांधावर उभ्या होत्या. एक गंजी पुरती पेटलेली, दुसरी दहा पावलांवर. धुरातून आधी सायरन ऐकू आला, मग बँड, मग बंब दिसला, त्यावर फेटेवाला माणूस, आणि मागे पाऊणशे मोटारसायकली.

"म्या बंब बोलावला व्हता," केवळाबाई म्हणाल्या. "लग्न न्हाई."

आनंदराजांनी काटा पाहिला. टाकीत हजार लिटरसुद्धा नव्हतं. बाकीचं पाणी मारुतीपुढं मुरुडकरांच्या अंगावर गेलं होतं. एकोणतीस वर्षांत अर्ध्या टाकीनं ते कधी आगीवर गेले नव्हते. ही त्यांची चूक होती आणि हे सांगताना ते अजूनही नजर खाली घेतात. हजार लिटरमध्ये पेटलेली गंजी विझत नाही. त्यांनी ती सोडून दिली. सगळं पाणी दुसऱ्या गंजीवर मारायचं ठरवलं, आणि वऱ्हाडाकडे वळून हुकूम केला की पेंढ्या ओढा. माणसं दोनशे होती. नवे शर्ट, पैठण्या, मुरुडच्या मामांचा सफारी, सगळे रांगेत उभे राहिले आणि पेंढ्या हातोहात मागे जाऊ लागल्या. रुद्रेश टाकीवर होताच. वरची तोटी त्याच्यापुढं होती. आनंदराजांनी खालून एकदाच सांगितलं, की धार पेटलेल्यावर न्हाई, न पेटलेल्यावर धर. रुद्रेश चार वर्षं मुलांना दाबाचं गणित शिकवत होता. दाब हातात आल्यावर तो पहिल्यांदा मागं बसला, मग उभा राहिला. बँडला कोणी थांबवलं नव्हतं. पेंढ्या तालावर जात होत्या.

चाळीस मिनिटांत केवळाबाईंच्या विहिरीवरची मोटर जोडून टाकी पुन्हा भरली. एक गंजी जळाली, एक राहिली. केवळाबाईंनी राहिलेली मोजली, जळालेल्याबद्दल एक शिवी दिली आणि सगळ्यांना ताक दिलं. हद्दीबाहेरच्या कॉलचं शुल्क लागतं हे आनंदराजांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी कमरेची पिशवी काढली. पैसे देताना एवढंच विचारलं, की बँडचे वेगळे लागतात का.

बारा पस्तीस होऊन गेले होते. लग्न लावणाऱ्या महाराजांनी पंचांग चाळून एक पन्नासचा मुहूर्त काढला. मळ्यातून कोणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत साक्षीनं मांडवात बसून सगळं पाहिलं होतं. काजळी लागलेल्या नवऱ्याला हार घालायला तिची हरकत नव्हती. पण एक अट होती. अक्षता पडल्यावर घरापर्यंत बंबावरून जायचं आणि तोटी तिच्या हातात द्यायची. मुरुडच्या मोठ्या माणसांना हे पसंत नव्हतं. पण ती सगळी तोवर भिजलेली, राखेनं माखलेली आणि हसून हसून दमलेली होती, त्यामुळे कोणाचं काही चाललं नाही.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत नांदेडला, दुसऱ्या दिवशी लातूरला आणि तिसऱ्या दिवशी कुठंही पोचला. पंचशीला यांचा फोन थांबेना. त्यांनी अंगणवाडीतल्या एका कोऱ्या हजेरी वहीत तारखा लिहायला घेतल्या.

पंचवीस मार्चला आनंदराज पावत्यांचं बाड घेऊन लेखा शाखेत गेले. चार लाख अडीच हजार झाले होते. शिवशंकरनी बेरीज केली. परत केली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अडचण अशी होती. हे पैसे मार्चपर्यंत आले, म्हणजे ते चालू वर्षाचे. आणि चालू वर्षाच्या वीजबिलात ते गेलेही होते. अंदाजपत्रक होतं पुढच्या वर्षाचं. त्यातला चार लाखांचा खड्डा होता तसाच होता. हणमंतरावांनी मार्चअखेर म्हटलं, आनंदराजांनी तारीख विचारली, अख्ख्या पालिकेनं सत्तर दिवस बंबाची कमाई मोजली, आणि वर्ष कुठलं हे कोणीच पाहिलं नव्हतं. नगरसेवक अठरा, मुख्याधिकारी एक, लेखापाल एक.

"पहिल्याच दिवशी सांगायचं व्हतं की ओ साहेब," आनंदराज म्हणाले.

"मलाबी आत्ताच दिसलं," शिवशंकर म्हणाले. हा त्यांच्या नोकरीतला सर्वांत वाईट क्षण असावा.

सभा सत्तावीसला होती. आनंदराज घरी आले आणि जेवले नाहीत. पंचशीला यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, की पुढचं वर्ष कधी सुरू होतं. एक एप्रिल, असं कळल्यावर त्यांनी हजेरी वही काढून पिशवीत ठेवली.

सभेत त्या आयुष्यात प्रथमच गेल्या. बाहेरच्या माणसाला सभेत बोलता येत नाही, असं एका नगरसेवकानं सांगितलं. मी बोलत न्हाई, वही ठेवते, असं म्हणून त्यांनी ती शिवशंकरांपुढं ठेवली. एप्रिल, मे, जून. एकेचाळीस नवरदेव, प्रत्येकाचे दोन तास. नांदेडचे सात, लातूरचे चार, बाकी आसपासचे. शिवशंकरनी मनात गुणाकार केला आणि मान हलवली. अडीच हजारांनी दोन लाख पाच हजार होत होते. अर्धाच खड्डा भरत होता.

"अडीच कुठले?" पंचशीला म्हणाल्या. "म्या सगळ्यास्नी पाच हजार सांगितलं की. व्हिडिओ आल्यापासनं."

दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, अंगणवाडी सेविकेचा नाही. कोणत्या अधिकारात वाढवला, असं त्याच नगरसेवकानं विचारलं. लोक हो म्हणले त्या अधिकारात, असं उत्तर आलं. हणमंतरावांनी पटकन ठराव मांडला, की अग्निशमन वाहनाचा समारंभाचा दर पाच हजार करण्यात यावा आणि तो दोन आठवड्यांपूर्वीच झाला असं समजण्यात यावं. अठरापैकी अठरा हात वर गेले. चार लाख दहा हजार. शिवशंकरनी बंबाच्या विक्रीची ओळ खोडली. नऊशे शेळ्याही हळूच कमी करून चाळीसवर आणल्या.

एक शेवटची अडचण राहिली होती. अंदाजपत्रक जिल्ह्याकडे जातं आणि तिकडून शेरा येईपर्यंत लिलावाची नोटीस फळ्यावरून काढता येणार नव्हती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विचारणा आली. उत्पन्नाच्या बाजूस 'परण्या' अशी नोंद दिसते, तिचा खुलासा करावा. शिवशंकरनी तीन मसुदे केले. तिन्ही वाचून आनंदराज म्हणाले, की हे लिहून कळणार न्हाई. मग उत्तर गेलं, की बाब प्रत्यक्ष पाहण्याजोगी असून एकोणीस तारखेस अकरा वाजता मारुतीपुढे उपस्थित राहावे.

दोन अधिकारी आले. एक वयस्कर, एक चष्मेवाले. त्यांना सावलीत खुर्च्या दिल्या होत्या. आनंदराजांनी त्या दिवशी इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि टाकी काठोकाठ भरली होती. त्यातलं अर्धं पाणी आगीसाठी राखून ठेवायचं, असा त्यांचा आता नियम आहे. काट्यावर त्यांनी तांबडी रेघ मारली आहे. परण्या आला, सायरन चढला, बँडनं साथ धरली. फवारा सुरू झाल्यावर चष्मेवाले खुर्चीवरून उठले ते कागद भिजू नयेत म्हणून. वयस्कर अधिकारी का उठले हे सांगता येत नाही, पण ते परत खुर्चीवर आले नाहीत. नवरदेवाच्या मावशांनी त्यांना मधोमध घेतलं होतं.

काटा तांबड्या रेघेवर आला आणि आनंदराजांनी पंप बंद केला. लोकांनी खूप विनवलं. वयस्कर अधिकाऱ्यांनीही विनवलं. आनंदराजांनी मान हलवली.

पाहणी अहवाल आठ दिवसांनी आला. उत्पन्नाची बाब वस्तुनिष्ठ असल्याचे आढळून आले, एवढं एकच वाक्य त्यात होतं. आनंदराजांनी तो वाचला, फळ्यावरची नोटीस स्वतः काढली, चार टाचण्या मोजून शिपायाकडे दिल्या आणि शेडकडे गेले. साडेदहाचा नवरदेव शिडीनं टाकीवर चढून बसला होता आणि बंब सुरू व्हायचा होता.